दिवस कधीपासून मोजायचे?

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



बेकायदा कामावरून काढलेल्या कामगाराने किती दिवसांच्या आत दाद मागायची, आणि उशीर झाला तर त्याचे म्हणणे ऐकायचे की नाही, एवढ्याच प्रश्नावर हे पत्र लिहितो आहे. किमान वेतन, बोनस, कंत्राटी पद्धत यांच्यापुढे हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण चाकण-भोसरीच्या पट्ट्यात कामगारांचे अर्ज लिहून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि कायद्याने दिलेले बाकीचे सगळे हक्क याच ठिकाणी निकामी होताना पाहतो आहे. खटला हरलेल्या माणसाचे म्हणणे निदान कोणी तरी ऐकलेले असते. मुदत उलटलेल्या माणसाला तेवढेही मिळत नाही. त्याची बाजू खरी की खोटी, हे कधी तपासलेच जात नाही.

आपल्या राज्याचा १९७१ चा कायदा आपल्याला ठाऊकच आहे: कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याचा. लेबर कोर्टाच्या आवारात त्याला नुसते ‘एमआरटीयू’ म्हणतात. १९७५ च्या सप्टेंबरपासून तो लागू आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली पहिलीच बाब वाचावी. सूडापोटी काढणे, खोट्या पुराव्यावर फौजदारी प्रकरणात गुंतवून काढणे, विनारजा गैरहजेरीचा बनावट आरोप ठेवून काढणे, चौकशीत नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाई करून काढणे, क्षुल्लक चुकीसाठी काढणे. ज्यांनी हे लिहिले त्यांना कारखान्याच्या गेटवर काय घडते ते नेमके माहीत होते.

त्याच कायद्याचे कलम २८ सांगते की अनुचित प्रथा घडल्यापासून ९० दिवसांत तक्रार दाखल करावी. पुढे एक परंतुक आहे: योग्य आणि पुरेशी कारणे दाखवली, तर ९० दिवसांनंतरही न्यायालय तक्रार दाखल करून घेऊ शकते. परंतुक चांगलेच आहे. अडचण आहे ती ‘घडल्यापासून’ या मोजणीत.

एक उदाहरण सांगतो. नाव-गाव गाळतो, कारण असे कितीतरी आहेत. मराठवाड्यातून आलेला एक सीएनसी ऑपरेटर वडिलांच्या आजारपणासाठी गावी गेला. सुपरवायझरला फोनवर सांगून गेला. परत आला तेव्हा गेटवर त्याचे पंचिंग झाले नाही. सिक्युरिटीने एचआरला फोन लावला. “साहेब मीटिंगमध्ये आहेत, सोमवारी ये.” सोमवारी सांगितले, “नवीन प्लांट हेड येऊ दे, मग बघू.” मध्ये दिवाळी आली. “आता दिवाळीनंतरच.” या सगळ्या काळात त्याच्या हाती एकही कागद पडला नाही. चार्जशीट नाही, नोटीस नाही, बडतर्फीचा आदेश नाही. तो कोर्टात गेला नाही, कारण त्याला भांडण नको होते, काम हवे होते. खोलीचे भाडे थकले होते, बायको-मुलांना गावी पाठवले होते, आणि कंपनीवर केस केली तर उरलीसुरली आशाही जाईल असे त्याला वाटत होते. मग एके दिवशी फुल अँड फायनलच्या कागदावर सही करायला बोलावले, तेव्हा आपल्याला काढले आहे हे त्याला कळले. पहिल्यांदा गेटवर अडवल्याला तोवर चार महिने उलटले होते.

त्याने तक्रार दाखल केल्यावर कंपनीची लेखी कैफियत आली. तिच्यात आधी लिहिले होते की आम्ही त्याला काढलेच नाही, तो स्वतःहून काम सोडून गेला. आणि दोन परिच्छेद खाली: त्याला काढल्याला नव्वद दिवसांहून अधिक काळ लोटला आहे, म्हणून तक्रार मुदतबाह्य आहे. साहेब, ही दोन्ही विधाने एकाच कागदावर, एकाच सहीनिशी येतात, आणि असे कागद आपल्या औद्योगिक पट्ट्यात रोज दाखल होतात. काढलेच नसेल तर मुदत सुरू कधी झाली? आणि मुदत सुरू झाली असेल तर काढल्याचा आदेश कुठे आहे? मालकाने या दोन्हींपैकी एका बाजूला उभे राहावे, अशी सक्ती कायदा आज करत नाही.

ठेकेदाराकडच्या कामगाराची स्थिती याहून बिकट आहे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिप्लाच्या प्रकरणात सांगितले की मालक-कामगार हे नातेच वादात असेल, तर एमआरटीयूखालच्या न्यायालयाने त्यात जाऊ नये. ते नाते आधी दुसऱ्या कायद्याखाली सिद्ध करून यावे. म्हणजे ज्या मशीनवर दहा वर्षे काम केले ती मशीन ज्याची, त्याच्याविरुद्ध तक्रार करायची तर आधी लेबर ऑफिस, समेट अधिकारी, तिथला अपयश अहवाल, मग न्यायाधिकरण, आणि त्यातून नाते सिद्ध झाले तर पुन्हा मागे. या फेऱ्यात नव्वद दिवस पहिल्या टप्प्यावरच सरतात. कामगाराला कोणत्या दारात जायचे ते कोणी सांगत नाही. चुकीच्या दारात घालवलेले दिवस मात्र त्याच्याच खात्यावर मांडले जातात. १९६३ च्या मुदत कायद्यात, प्रामाणिकपणे चुकीच्या न्यायालयात घालवलेला काळ वगळण्याचे तत्त्व आहेच. ते तत्त्व कलम २८ मध्ये स्पष्ट शब्दांत का असू नये?

आता विलंब माफीच्या अर्जाबद्दल. परंतुकात दिलेली सवलत प्रत्यक्षात कशी मिळते, ते आपण एकदा न्यायालयात बसून पाहावे. कामगार विलंब माफीचा अर्ज देतो. मालक त्याला उत्तर देतो. प्रतिज्ञापत्रे होतात, कधी उलटतपासणीही होते. आदेश होतो, त्याविरुद्ध औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण, आणि त्यानंतर उच्च न्यायालयात रिट. मूळ तक्रारीचे पान उघडण्याआधी वर्षे जातात. १९८३ मध्ये न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी सर्वोच्च न्यायालयात नेमक्या याच प्रथेवर कडक ताशेरे ओढले होते. प्राथमिक मुद्दे काढून कामगाराला एका न्यायालयातून दुसऱ्यात फिरवत थकवू नये, सगळे मुद्दे एकत्रच निकाली काढावेत, असे त्यांचे सांगणे होते. त्या निकालाला चाळीस वर्षे होऊन गेली. त्यामुळे विलंबाचा प्रश्न मुख्य तक्रारीबरोबरच ऐकावा, त्यावर वेगळे पुनरीक्षण चालू नये, असे कलमातच लिहून टाकावे, ही माझी विनंती आहे.

उशिराकडे उदारपणे पाहावे, हे आपल्या न्यायव्यवस्थेने फार पूर्वी मान्य केले आहे. १९८७ चा अनंतनागच्या भूसंपादनाचा निकाल प्रत्येक विलंब माफीच्या अर्जात उद्धृत होतो. प्रत्येक दिवसाच्या उशिराचा खुलासा द्या हा नियम शब्दशः ताणू नये, तो व्यवहारी शहाणपणाने लावावा, असे त्यात म्हटले आहे. त्या प्रकरणात उशीर कोणाचा होता? सरकारचा. अपील चार दिवस उशिरा आले होते आणि ते ऐकले जावे असे न्यायालयाने ठरवले. ज्याच्याकडे वकिलांची फौज आणि फायलींची कपाटे आहेत त्याला समजून घेतले, ते योग्यच झाले. मग भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, मराठी नीट वाचता येणाऱ्या पण इंग्रजी आदेशाखाली अंगठ्यासारखी सही करणाऱ्या माणसाला त्याहून अधिक समजून घ्यायला हवे.

आणि कोविडच्या काळात तर सगळ्या देशाची घड्याळे थांबवली होती. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यामुळे कोणताही उद्योग बुडाल्याचे ऐकिवात नाही.

आता दिल्लीच्या कायद्याकडे येतो, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि हे पत्र आत्ताच लिहिण्याचे कारणही तेच आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन, काढलेल्या कामगाराला समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यावर ४५ दिवसांनी थेट न्यायालयात जाण्याची मुभा मिळाली. त्यासाठी काढल्यापासून तीन वर्षांची मर्यादा होती. नव्या औद्योगिक संबंध संहितेने ती मर्यादा दोन वर्षांवर आणली. तीनाची दोन वर्षे केली म्हणून मी तक्रार करत नाही. माझी हरकत वेगळी आहे. त्या दोन वर्षांनंतर, कारण कितीही खरे असो, विलंब माफ करण्याची तरतूद तिथे नाही.

याच चार संहितांपैकी वेतन संहिता उघडली तर काय दिसते? थकलेल्या वेतनाच्या दाव्याला तीन वर्षे, आणि पुरेसे कारण दाखवले तर त्यानंतरही दावा ऐकण्याचा अधिकार. कामगाराचे दोन हजार रुपये बुडवले तर तो तीन वर्षांपर्यंत, सबळ कारण असेल तर चौथ्या वर्षीही येऊ शकतो. त्याची नोकरीच बुडवली तर दोन वर्षांच्या पुढे एक दिवसही नाही. एकाच संसदेने, एकाच काळात केलेल्या दोन कायद्यांतली ही तफावत कोणत्याही तत्त्वाने समर्थनीय नाही. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे. राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्याला आपल्यापुरती दुरुस्ती करता येते. महाराष्ट्राने ती करावी. आणि संहितांनंतर १९७१ च्या कायद्याखालच्या तक्रारी कुठे, कशा आणि किती मुदतीत दाखल करायच्या, याचे निःसंदिग्ध परिपत्रक आपल्या खात्याने मराठीत काढावे. मुदतीचा गोंधळ सरकारने निर्माण केला असेल, तर त्या गोंधळात गेलेले दिवस कामगाराच्या अंगावर घालणे अन्याय होईल.

जुन्या १९४७ च्या कायद्यात एक तरतूद होती, ती आठवली की मला फार वाईट वाटते. एकट्या कामगाराचा वाद न्यायालयाकडे सोपवताना तो जास्तीत जास्त तीन महिन्यांत निकाली काढण्याची मुदत घालून द्यावी, असे १९८२ च्या दुरुस्तीने ठरवले. पण त्याच कलमात पुढे लिहिले होते की ही मुदत उलटली एवढ्याच कारणाने कामकाज रद्द होणार नाही. न्यायालयाच्या उशिराला कायद्याने आधीच माफी देऊन ठेवली होती. ती माफी आवश्यकच होती, नाहीतर कामगाराचेच नुकसान झाले असते. मी फक्त एवढेच म्हणतो की तीच समज दारात उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीतही दाखवावी.

मालकांची बाजू मला कळते. भोसरीत दहा-पंधरा माणसांचा वर्कशॉप चालवणारे कितीतरी उद्योजक माझ्या ओळखीचे आहेत. कामगार चार वर्षांनी आला तर हजेरीपट गेलेला असतो, साक्ष देऊ शकणारा फोरमन दुसरीकडे लागलेला असतो, त्या जागी घेतलेल्या मुलाचा संसार उभा राहिलेला असतो, आणि चार वर्षांच्या मागील वेतनाचा आकडा ऐकून छोट्या माणसाच्या पोटात गोळा येतो. ही भीती खरी आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २००० मध्ये एका बँकेच्या प्रकरणात सात वर्षांनी उकरलेला वाद शिळा ठरवला होता. अमर्याद मुदत मी मागत नाही.

पण या भीतीवरचे उत्तरही सर्वोच्च न्यायालयानेच १९९९ मध्ये दिले आहे. पंजाबातल्या एका सहकारी संस्थेचा कामगार सात वर्षांनी दाद मागायला आला. न्यायालयाने त्याला केवळ उशिरासाठी परत पाठवले नाही. उशिराच्या काळाचे वेतन नाकारले, पण नोकरीचा हक्क शाबूत ठेवला. यातच सगळा मार्ग आहे. उशिराची किंमत मागील वेतनातून वसूल करावी. कामगार जितका उशिरा आला तितक्या काळाचा पगार त्याने सोडावा. मालकाचे नुकसान भरून निघते आणि खऱ्या-खोट्याचा निवाडाही होतो. दार बंद केले तर यातले काहीच होत नाही, आणि ज्याने कागद न देता माणसाला झुलवले त्यालाच त्या झुलवण्याचा लाभ मिळतो.

इतर देशांनी काय केले तेही आपण पाहावे. ऑस्ट्रेलियात मुदत फक्त २१ दिवसांची आहे. २०१३ पूर्वी तर ती १४ होती. मला ती फारच तोकडी वाटते, आणि मुदत माहीत नव्हती हे कारण तिथे चालत नाही हे तर मुळीच पटत नाही. पण मुदत वाढवताना काय काय तपासायचे, हे तिथल्या कायद्याने लिहून ठेवले आहे. उशिराचे कारण काय, काढल्याचे कामगाराला कधी कळले, मधल्या काळात त्याने विरोध नोंदवला होता का, मालकाची काही हानी झाली का, मूळ तक्रारीत दम किती, आणि तशाच स्थितीतल्या इतरांशी तुलना करता न्याय्य काय. आपल्याकडे ‘योग्य आणि पुरेशी कारणे’ एवढेच शब्द आहेत. एका न्यायालयात आजारपण पुरते, दुसऱ्यात पुरत नाही. ब्रिटनच्या संसदेने २०२५ मध्ये तीन महिन्यांची मुदत सहा महिन्यांवर नेणारा कायदा केला.

न्यूझीलंडचे उदाहरण मला सगळ्यांत मोलाचे वाटते. तिथेही ९० दिवस आहेत, मालकाकडे तक्रार मांडण्यासाठी. पण ते घटना घडल्यापासून किंवा कामगाराला ती कळल्यापासून, यांतले जे नंतरचे असेल तेव्हापासून मोजतात. नोकरीच्या करारात ही मुदत साध्या भाषेत लिहिणे मालकाला बंधनकारक आहे. ती लिहिली नसेल, तर तेवढ्यावरूनही कामगाराला उशिरा येण्याची परवानगी मिळू शकते. काढल्याच्या धक्क्याने माणूस इतका खचला की त्याला वेळेत काही करता आले नाही, हेही कारण म्हणून कायद्यात आहे. आणि ज्याच्यावर भरवसा टाकला त्या प्रतिनिधीने वेळेत काम केले नाही, हेही. युनियनच्या पुढाऱ्याने किंवा वकिलाने फाईल कपाटात ठेवून दिली म्हणून नोकरी गमावलेले लोक मला माहीत आहेत. आपल्याकडे त्यांना कोणी वाली नाही.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. आपल्याच १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात, बाळंतपणाच्या रजेत काढलेल्या बाईने आदेश कळवल्यापासून ६० दिवसांत अपील करायचे होते. ओल्या बाळंतिणीला साठ दिवस देणे किती निष्ठुर आहे हे वेगळे सांगायला नको. पण ‘कळवल्यापासून’ मोजावे, हे त्या कायद्याला सुचले होते. दहा वर्षांनी आपल्या राज्याने केलेल्या कायद्यात मात्र ते आले नाही.

म्हणून माझी मागणी अशी. कलम २८ मधले ९० दिवस लेखी आदेश कामगाराच्या हाती पडल्यापासून मोजावेत. आदेशच दिला नसेल, तर मालकाने काढल्याचे लेखी कबूल करेपर्यंत मुदत सुरू झाली असे मानू नये. प्रत्येक बडतर्फी, सेवासमाप्ती आणि कामावरून कमी केल्याच्या पत्राच्या शेवटी, मराठीत आणि ठळक अक्षरांत, कुठल्या न्यायालयात, किती दिवसांत दाद मागता येते आणि मोफत विधी सेवा कुठे मिळते, हे छापणे सक्तीचे करावे. ते नसेल तर मुदतीचा आक्षेप मालकाला घेता येऊ नये. समेटात आणि कंपनीच्या अंतर्गत अपिलात गेलेले दिवस वजा करावेत. आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू, तुरुंगवास, प्रतिनिधीची हयगय आणि मालकाने दिलेले परत घेण्याचे आश्वासन, ही पुरेशी कारणे म्हणून कलमात नावानिशी लिहावीत. आणि दोन वर्षांच्या केंद्रीय मर्यादेपुढे, वेतन संहितेत आहे तशीच विलंब माफीची तरतूद राज्य दुरुस्तीने आणावी.

यातल्या पत्राखालच्या मजकुरासाठी तर कोणाच्या संमतीची वाट पाहण्याचे कारण नाही. नमुना आपल्या खात्याने तयार करावा आणि कामगार आयुक्तांनी तो प्रत्येक आस्थापनेला पाठवून वापरण्याचे आवाहन करावे. सक्ती नंतर येईल, पण चांगले मालक तो उद्यापासून वापरू लागतील. बाकीच्या दुरुस्त्यांचे विधेयक नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आणावे. त्याआधी मसुदा मराठीत प्रसिद्ध करून वाळूज, सातपूर, बुटीबोरी, तळोजा आणि चाकण इथे कामगारांच्या सुट्टीच्या दिवशी सुनावण्या घ्याव्यात. मी चाकणच्या सुनावणीला येईन, आणि ज्यांचे म्हणणे आजवर मुदतीपायी ऐकले गेले नाही त्यांना घेऊन येईन.

आपला,
कामगारांचे अर्ज लिहून देणारा एक नागरिक
भोसरी, पुणे